अव्वाचा फोन

गौरम्माला तो फोन तिच्या लेकानं, महेश्वरनं दिला, आणि दिला त्या दिवशी तिनं तो सोलापूरच्या अख्ख्या बाळीवेशीत मिरवला. मिरवणारच की! ज्या घरात कित्येक महिने कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं, त्या घरात पोरगं आपणहून आईसाठी नवाकोरा फोन घेऊन येतंय, वर म्हणतंय, "अव्वा, भजनं ऐक, रील बघ, देवळात गेलीस की फोटो काढ. घरात बसून कुढू नको." खोक्यातून काढून त्यानंच सगळं लावून दिलं. मध्येच फोननं ईमेल मागितला. गौरम्माकडं कुठला ईमेल असणार? "माझाच टाकतो, तुझ्या डोक्याला कशाला ताप," महेश्वर म्हणाला आणि टाकून मोकळा झाला. पोरं आईबापाचे फोन अशीच लावून देतात, त्यात वावगं वाटावं असं काय होतं? गौरम्माला एवढंच दिसलं, की पोराचा राग उतरायला लागलाय.

भोळी बाई! राग कुठला उतरतोय. तो नुसता गप्प बसला होता.

राग होता बहिणीवर, भुवनेश्वरीवर. नवी पेठेच्या मागच्या बोळात त्यांचं टॉवेल-चादरीचं दुकान. बाप सिद्धाराम गादीवर बसायचा, महेश्वर वसुलीला फिरायचा आणि भुवी कॉम्प्युटरवर बिलं करायची. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात सिद्धांत म्हणून एक पोरगा माल तपासायला होता. परत आलेल्या मालाची भांडणं मिटवायला तो दुकानात यायचा. भांडणं मिटता मिटता दोघांचं जुळलं. पोरगा बुधवार पेठेतला, बौद्धाचा. बाळीवेशीतल्या लिंगायताच्या घरात हे कसं खपावं? दोघांनी कोर्टात जाऊन लग्न केलं. सिद्धाराम म्हणाला, "मला मुलगी नव्हतीच," आणि त्यानं पेपर तोंडासमोर धरला तो धरलाच. महेश्वर मात्र पेपर वाचणाऱ्यातला नव्हता. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी सिद्धांतला कारखान्याच्या फाटकाबाहेर गाठलं. डोक्याला टाके पडले, पोरगा वाचला हेच नशीब. महेश्वरचं नाव चौकीत गेलं, दुसऱ्या दिवशी तो सुटून घरी आला, आणि उंबऱ्यावर चपला काढता काढता म्हणाला, "ह्या खेपंला वाचला. पुढच्या खेपंला दोघंबी न्हाईत."

हे गौरम्मानं आपल्या कानांनी ऐकलं. पोटचा पोर, त्याचं बोलणं तिला नवं नव्हतं. लहानपणी "फोडतो" म्हणाला की तो फोडायचाच, मग ती कपबशी असो की कुणाचं डोकं. त्या दिवसापासून भुवी आणि सिद्धांत सोलापुरातून नाहीसे झाले, आणि गौरम्मा पोराला जेवायला वाढताना त्याच्या हाताकडं बघायला लागली.

मग एका सोमवारी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी एक बाई तिच्या शेजारी येऊन बसली. सावळी, अंगणवाडीतल्या मदतनिसांची असते तशी साडी. तळ्याकडं बघतच म्हणाली, "मी मीनाबाई. सिद्धांतची आई. तुमची लेक बरी हाय. दिवस गेलेत तिला." गौरम्माच्या हातातला प्रसाद खाली सांडला. त्या दिवसापासून दोघी अशाच भेटायच्या. एकमेकींच्या तोंडाकडं न बघता, माशांना लाह्या टाकत, खालच्या आवाजात. मीनाबाईला स्वतःच्या सुनेला भेटायला जाता येत नव्हतं. महेश्वरचे मित्र तिच्या गल्लीच्या तोंडाशी गाड्या लावून बसलेले असायचे, ती कुठं निघाली की मागं.

"तुमीच जावा, ईनबाई," मीनाबाई म्हणाली. ईनबाई! विहीण म्हणून गौरम्माला जगात पहिल्यांदा कुणी हाक मारत होतं. "करमाळ्यात ऱ्हात्यात. सातवा लागलाय. तुमच्यात काय रीत असंल ती करा."

रीत होती की. सातव्यात माहेरच्यांनी कुबसा करायचा, म्हणजे हिरवी साडी, खण, ओटी आणि हातभर हिरव्या बांगड्या. बांगड्या आईच्या डोळ्यांदेखत भरायच्या. गौरम्माची आई म्हणायची, माहेरची काच हातात वाजल्याशिवाय पोटातल्या जिवाला मामाचं घर कळत नाही. मामाचं घर! गौरम्माला हसावं की रडावं कळेना. पण रीत ती रीत. तिनं घरी सांगितलं, अक्कलकोटला गुरम्माक्काकडं जाऊन येते, लई दिवस झाले बहिणीला बघून. महेश्वर म्हणाला, "जा की अव्वा. फोन घेऊन जा बरं का, चार्ज करून." केवढा काळजी करणारा लेक!

अक्कलकोटच्या गाडीत बसते म्हणून निघालेली बाई करमाळ्याच्या एसटीत बसली. एक तोंड इकडं, एक तोंड तिकडं.

करमाळ्यात बाजार समितीच्या मागं एका खोलीत तिची भुवी होती. पोट पुढं, गाल आत गेलेले, आणि दार उघडायच्या आधी आतून विचारलं, "कोण?" स्वतःच्या आईला! दोघी गळ्यात पडून रडल्या, मग हसल्या, मग परत रडल्या. सिद्धांत कामावरून आला तर दारातच अवघडून उभा. गौरम्मानं त्याच्या कपाळावरची टाक्यांची रेघ बघितली आणि मान खाली घातली. ती त्याला "बस की, जावईबापू" म्हणाली, आणि बिचारं पोर खरंच जमिनीवर बसलं. शेजारची कासारीण येऊन बांगड्या भरून गेली. भुवीची डाव्या हाताची करंगळी लहानपणापासून वाकडी, तिच्यावरून हात फिरवत गौरम्मानं ओटी भरली.

निघताना तिच्या मनात आलं, मीनाबाईला हे काहीच बघायला मिळालं नाही. सासूनं सुनेचा भरलेला हात बघायचा नाही म्हणजे काय? तिनं फोन काढला. चेहरा काही घ्यायचा नाही, एवढी अक्कल तिला होती. नुसते दोन हात, कोपरापर्यंत हिरवेगार. "हाताला काय नाव लिवलेलं असतंय?" ती भुवीला म्हणाली आणि तिनं फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. सिद्धाराम सोफ्यावर चहा पीत बसलेला, महेश्वर केस विंचरत आरशासमोर. भिंतीवर पाडव्याला आणलेला मोठा टीव्ही, चालू पण आवाज नाही. कुणी काही बघत नसलं की त्याच्यावर आपोआप फोटो यायचे, डोंगर, समुद्र, परदेशातली फुलं. गौरम्मा भाकरीचा तवा उतरवून बाहेर आली आणि बघते तर टीव्हीवर तिची रांगोळी! परवा दारात काढलेली, तिनंच फोटो काढलेली.

"यव्वा!" ती हरखली. "ही माझी रांगोळी टीव्हीत कशी गेली रे?"

महेश्वर हसला. "आज बघितलीस व्हय? तुझ्या फोनात माझंच खातं हाय की. तू फोटो काढलास की तो माझ्या खात्यात येतो. तिथनं टीव्हीवर. काय करायला लागत न्हाई, सगळं आपोआप. खाली बघ, कुठं काढला, कवा काढला तेबी लिहून येतं."

रांगोळीच्या खाली बारीक अक्षरात खरंच लिहिलेलं होतं. सोलापूर. आणि तारीख.

गौरम्मानं त्या अक्षरांकडं बोट केलं. "सगळं येतं?"

"सगळं."

"काढल्या काढल्या?"

"वायफायला आला की लगेच. भारी न्हाई का?"

रांगोळी गेली. गुरुवारच्या पूजेचं ताट आलं. तेही गेलं. महेश्वरचा गोव्याला गेलेल्या मित्रांबरोबरचा फोटो आला. गौरम्माला पाय हलवता येईनात. कुठंतरी ह्या रांगेत ते दोन हात उभे होते. ह्याच्यानंतर येतील, का त्याच्यानंतर, ते त्या टीव्हीलाच ठाऊक. एकेक फोटो हळूहळू विरघळायचा आणि त्याच्यातून पुढचा वर यायचा, आणि दर वेळी तिचा जीव जाऊन परत यायचा.

"आणि तू कुठं हाईस तेबी मला दिसतं," महेश्वर भांग सरळ करत म्हणाला. "नकाशावर. काळजी नको. कालचं, परवाचं, सगळं राहतं त्यात. अक्कलकोटला गर्दी होती का गं?"

"होती," गौरम्मा म्हणाली. "लई होती."

त्यानं आरशातून तिच्याकडं बघितलं का? का नुसता भांग बघितला? पुढं कितीतरी दिवस ती हेच आठवत राहिली, आणि तिला काही ठरवता आलं नाही. तेवढ्यात महेश्वरचा फोन वाजला. तो पाठ करून खिडकीकडं गेला, कुणाला तरी मालाबद्दल शिव्या घालायला लागला.

आणि टीव्हीवर हात आले.

हिरव्याकंच बांगड्यांनी भरलेले दोन हात, भिंतभर. खाली बारीक अक्षरात, करमाळा. गौरम्मा टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली, पण साडेतीन हात बाई काय काय झाकणार! तिच्या एका खांद्याकडून एक हात दिसत होता, दुसऱ्या खांद्याकडून दुसरा. सिद्धारामानं चहाची बशी तोंडाकडं नेली होती. ती तशीच राहिली. तो त्या वाकड्या करंगळीकडं बघत होता. ती करंगळी त्याच्याच दुकानाच्या शटरखाली सापडली होती, शटर त्यानंच ओढलं होतं, आणि चार वर्षांच्या भुवीला कडेवर घेऊन तो अनवाणी दवाखान्यात पळाला होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला? बापाला खालचं नाव वाचायची गरज नव्हती.

सिद्धारामानं बशी खाली ठेवली. उठला, गौरम्माच्या बाजूनं हात घातला आणि टीव्हीचा प्लग ओढून काढला.

"फुकट लाईट जाळतंय," तो म्हणाला. "महेश, चल. दुकानाला उशीर होतोय."

तो गौरम्माकडं बघत नव्हता. पण वायर गुंडाळून त्यानं ती टीव्हीच्या मागं नीट खोचली. मग दोघं बापलेक निघून गेले आणि घरात गौरम्मा राहिली आणि तो फोन.

फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर होता. तिनं तो उचलला आणि परत ठेवला. फोटो पुसून टाकावा? पण इथला पुसला तर तिथला जाईल का? का पुसला म्हणून त्याला वर्दी जाईल? तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मीनाबाईला फोन लावायला गेली आणि बोट विस्तवावर पडल्यासारखं मागं घेतलं. लावलेला फोनही त्याला दिसत असणार! इतके दिवस ती समजत होती की फोन आपला. तो तिच्या लेकाचा होता, ही नुसती पिशवीत घालून त्याला गावभर फिरवत होती. एवढ्या मोठ्या घरात तिला ओरडून रडावंसं वाटलं, पण फोन ऐकेल ह्या भीतीनं ती रडलीही नाही. ऐकतो का नाही कुणास ठाऊक. माणूस एकदा भ्यालं की त्याला सगळंच खरं वाटतं.

मग मात्र तिनं कंबर कसली. फोन फळीवर चार्जिंगला लावला, त्याच्यावर भजन चालू केलं. फोन घरी म्हणजे बाई घरी! दारावर भुवी गेल्यापासून महेश्वरनं कॅमेरा बसवलेला होता. त्याच्यासमोरून ती हातात तांब्या आणि बेल घेऊन निघाली. बघू दे मेल्याला, बाई देवळाला चाललीय. कोपऱ्यावर वळली आणि रिक्षा केली ती थेट बुधवार पेठेत.

मीनाबाईच्या गल्लीत ती जन्मात गेली नव्हती. तोंडावर पदर ओढून, जीव मुठीत धरून, तळ्याकाठी ऐकलेल्या खुणांवरून ती मागच्या बाजूनं शिरली. मीनाबाईनं दार उघडलं, तोंड बघितलं आणि आधी पाण्याचा तांब्या हातात दिला. गौरम्मानं तो घटाघटा रिकामा केला. मग तिच्या ध्यानात आलं की आपण ह्या घरचं पाणी प्यालो. बाळीवेशीतल्या सात पिढ्यांत कुणी प्यालं नसेल. तिला काही सुद्धा झालं नाही.

"त्याला कळतंय," ती म्हणाली. "आज न्हाई तर उद्या कळतंय. त्यांना म्हणावं, तिथनं हला. आत्ताच्या आत्ता."

मीनाबाईनं काय, कसं, कशामुळं, एक शब्द विचारला नाही. शेजारणीचा फोन मागून आणला आणि लेकाला लावला. "सिद्धू, ऊठ. हाय तसं निघ. भांडीकुंडी ऱ्हाऊ दे. तिला संभाळून घे." पलीकडून सिद्धांत काहीतरी सांगत होता. मीनाबाईनं फोन गौरम्मापुढं धरला. "कुटं जात्यात ते सांगतोय बघा. घ्या, बोला."

गौरम्मानं दोन्ही हातांनी कान झाकले.

"मला नका सांगू. मीनाबाई, तुमी ठेवा मनात, मला नको. आणि ऐका, बाळंत झाली तरी मला कळवू नका. पोरगा झाला, पोरगी झाली, काय बी न्हाई."

"आवो, आई हाय तुमी!"

"म्हणून तर. कळलं की माझं पाय थांबायचं न्हाईत. आणि माझ्या पायामागनं तो येईल."

मीनाबाईनं तिचा हात धरला. मग गौरम्मा तांब्या उचलून घरी आली. भजन अजून चालूच होतं.

महेश्वर त्या रात्री जेवायला आला नाही. "मित्राच्या शेतावर," एवढंच त्यानं बापाला कळवलं. दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर आला. बुटांवर धूळ, डोळे तांबारलेले. गौरम्मा स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसली होती. तो येऊन खाली बसला आणि लहानपणी ठेवायचा तसं त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"करमाळ्याला गेलो होतो, अव्वा," तो म्हणाला.

गौरम्माची पाचावर धारण बसली. पण हात थांबला तर त्याला कळेल. म्हणून तिनं हात त्याच्या केसांत घातला आणि फिरवत राहिली.

"खोली रिकामी होती. गॅसवर दूध तसंच. आम्ही चौघं गेलो होतो." तो डोळे मिटून बोलत होता, रागानं नाही, अगदी मायेनं. "काल सकाळी तुझा फोन घरीच होता. लई वेळ एका जागेवर. मी म्हटलं, अव्वा आजारी हाय का काय? मग दारावरचा कॅमेरा बघितला. तू तांब्या घेऊन चाललेली. देवळाला जाताना तू फोन घरी ठेवत न्हाईस, अव्वा. कवाच न्हाई."

केसांतून हात फिरत होता. ह्याच डोक्याला तिनं टाळू भरेपर्यंत तेल लावलं होतं. आत्ता तेच डोकं मांडीवर होतं आणि तिला त्याची भीती वाटत होती. देवा, कुठल्या आईच्या नशिबी हे येऊ नये.

"मी तुला काय म्हणणार न्हाई," महेश्वर म्हणाला. "बांधून ठेवणार न्हाई. जा की, कुठंबी जा. फक्त फोन पिशवीत असू दे. वय झालंय तुझं, कुठं चक्कर-बिक्कर आली तर? आणि तिचं बाळंतपण येईलच आता. तू काय राहू शकायची न्हाईस. मी ओळखतो तुला. मला काय घाई न्हाई."

तो उठला, तिचा फोन चार्जिंगला लावला आणि हात-पाय धुवायला गेला.

त्यानंतर गौरम्माचं काय झालं ते काय सांगावं. बाई जिवंतपणी सावलीसारखी झाली. भाजीला गेली तरी फोन पिशवीत. रस्त्यात एसटी दिसली की तिच्याकडं पाठ करायची, करमाळ्याची असो नाहीतर बार्शीची. कुणाच्या घरी बाळ रडलं की भरभर चालायला लागायची. तळ्याकाठी बसणं तिनं सोडलं. एकदा मनात आलं, फोन द्यावा तळ्यात भिरकावून. पण फोन तळ्यात टाकता येईल, नवा येईल. पाय कुठं टाकायचे? तिला पोराची नव्हती एवढी आता स्वतःची भीती वाटत होती. दिवस भरत आले होते. भुवीला कळा लागल्या असतील, ती "अव्वा" म्हणून ओरडत असेल, हे मनात आलं की ती उठून उंबऱ्यापर्यंत जायची आणि चौकट धरून परत फिरायची. सिद्धाराम पेपराच्या वरून बघायचा. त्या सकाळचं तो कधी बोलला नाही, पण टीव्हीचा प्लग मात्र तो रोज सकाळी काढून ठेवायचा. म्हणायचा, लाईटबिल वाढतंय.

आणि मग तो दिवस आला. नवी पेठेत सणाची गर्दी, रिक्षांचे भोंगे, पायाला पाय लागत होता. गौरम्मा एका भांड्याच्या दुकानासमोरून चालली होती. तिथं काय, सगळ्याच दुकानांच्या कपाळावर आता कॅमेरे होते, आणि निम्मे दुकानदार महेश्वरच्या ओळखीचे. पिशवीत फोन होता.

समोरून मीनाबाई आली.

गर्दी कापत, धापा टाकत, सरळ तिच्याच अंगावर येत होती. तोंड असं उजळलेलं की त्याच्याकडं बघूनच कुणीही ओळखावं. कळवू नका म्हटलेलं मोडायचं नव्हतं, पण आजीचं मन, राहवेना तिला. जवळ येऊन तिनं गौरम्माच्या दंडाला हात लावला आणि तोंड उघडलं. "ईनबा..."

"ओ बाई!" गौरम्मा कडाडली. "अंगाला हात काय लावताय? सरका तिकडं! कोण कुठल्या तुमी? मी न्हाई वळखत तुमाला!"

चार माणसं थांबली. भांडीवाला गल्ल्यावरून उठून बघायला लागला. गौरम्मानं दंड झटकला, पदरानं पुसला. तिच्या आजीनं, पणजीनं, सगळ्या बायकांनी ज्या आवाजात हे असंच कुणाकुणाला म्हटलं असेल, तोच आवाज तिच्या तोंडून निघाला, आणि इतका सहज निघाला की तिची तिलाच शरम वाटली.

मीनाबाईच्या तोंडावरचं सगळं तेज एका क्षणात गेलं. आधी तिला लागलं. खरंच लागलं, कारण अशा बोलण्याची जखम जुनी असते. मग तिनं गौरम्माचे डोळे बघितले, आणि त्यांच्यात काय भरलंय ते बघितलं.

"चुकलं, बाई," ती खाली बघून म्हणाली. "दुसरं कुणी वाटलं."

आणि गर्दीत निघून गेली. गौरम्मा पुढच्या दुकानात शिरली, तिनं कोथिंबिरीची जुडी घेतली, दोन शब्द घासाघीस केली, घरी आली, आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं पदराचा बोळा तोंडात घातला.

संध्याकाळी महेश्वर आला तो हसतच. कित्येक महिन्यांत त्याला कुणी असं हसताना बघितलं नव्हतं.

"अव्वा! आज झकास सुनावलंस की त्या बाईला!" तो म्हणाला. "भांडीवाल्यानं त्याच्या कॅमेऱ्यातलं पाठवलंय. अप्पा, या बघा." त्यानं गौरम्माच्या खांद्यावर हात टाकला, तिला जवळ घेतलं आणि फोन तिच्या तोंडासमोर धरला. "आता कशी माझी अव्वा शोभतेस!"

सिद्धारामानं पेपर खाली केला, पण तो उठला नाही.

फोनवर वरून दिसणारा रस्ता होता. त्यात एक गोरी, ठेंगणी बाई हात झटकत होती. आवाज फाटका येत होता, पण शब्द कळत होते. गौरम्मानं स्वतःकडं बघितलंच नाही. तिनं मीनाबाईकडं बघितलं, आणि रस्त्यात जे तिला दिसलं नव्हतं ते आता दिसलं. मीनाबाईच्या दुसऱ्या हातात, पदराखाली अर्धा झाकलेला, मिठाईचा खोका होता. पेढ्याचा असतो तसला. बर्फीचाही तसलाच असतो. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. खोक्याला दोरी बांधलेली होती.

झाली! म्हणजे झाली बाळंतीण. खोका घेऊन येतेय म्हणजे दोघंही जिवंत आहेत.

महेश्वरला तो खोका दिसला का? तो अजून हसतच होता. दिसला तर उद्यापासून मीनाबाईच्या मागं माणसं दुप्पट. तिनं मनातल्या मनात सिद्धेश्वराला हाक मारली, दिसू देऊ नको, ह्याला दिसू देऊ नको. आणि त्याच वेळी तिचे डोळे त्या खोक्याच्या झाकणावर ताणलेले होते. एखादी फट, एखादा रंग, पिवळं काही, पांढरं काही. एवढं एक कळलं असतं तर.

मीनाबाई गर्दीत गेली आणि चित्र थांबलं. महेश्वर फोन खिशात ठेवायला लागला.

"थांब," गौरम्मा म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. "परत लाव की एकदा."

महेश्वर अभिमानानं हसला आणि त्यानं ते पहिल्यापासून लावलं.